पाठकोऱ्यांचा कप्पा

गुरुवार, ६ मार्च

आज सकाळी प्रिंटरमध्ये अर्धं बिस्किट सापडलं. कागद ज्या फटीतून बाहेर येतो, बरोबर त्याच फटीत, चावलेलं आणि ओलसर. कोणाचं म्हणून विचारलं तर वरून खाली एकही माणूस बोलेना. चिमटा आणून काढलं. नंतर साबणाने दोनदा हात धुतले, तरी दुपारचा डबा गेला नाही.

हे सगळं माझ्या टेबलावर का घडतं, ते एकदा लिहून ठेवतो. आमचं ऑफिस लिफ्टच्या देखभालीचं. खाली मी हेडक्लार्क आणि साहेबांची केबिन, वर विक्रीवाले आणि तपासनीस. प्रिंटर एकच. तो आणला तेव्हा वायरवाल्याने माझ्या कॉम्प्युटरला जोडला आणि नेटवर्कवरून सगळ्यांना वाटून दिला. म्हणजे बटण दाबायचं वरच्या मजल्यावर कोणीतरी, आणि कागद पडायचा माझ्या डाव्या कोपराशी. माझा कॉम्प्युटर बंद तर सगळ्या ऑफिसची छपाई बंद. "तुम्ही सगळ्यांत आधी येता, सगळ्यांत शेवटी जाता, तुमच्याकडेच शोभेल," असं साहेब म्हणाले होते, आणि मला तो मान वाटला होता. इतका कसा मी बावळट!

तेव्हापासून दिवसभर लोक माझ्या खांद्यावरून हात घालतात. कोणाच्या काखेचा वास, कोणाच्या तोंडाचा कांदा. अंगठ्याला थुंकी लावून पानं मोजतात आणि तीच पानं माझ्या टेबलावर आपटून सरळ करतात. शिवाय इमारतींना जाणारी पत्रं मीच गठ्ठ्यातून निवडायची, पाकिटात घालायची, टपालाच्या ट्रेमध्ये ठेवायची. हे काम मला कोणी सांगितलं नव्हतं. मी एकदा केलं, आणि ते माझं झालं.


शुक्रवार, ७ मार्च

तपासनीस आज परगावच्या कामावर गेला, आठवडाभर. बरं झालं. मनातल्या मनात मी त्याला काळा अंगठा म्हणतो. दिवसभर लिफ्टच्या दोरांना आणि चाकांना हात लावायचा आणि तसंच येऊन कागद उचलायचे. प्रत्येक अहवालावर त्याच्या अंगठ्याची काळी तेलकट मोहोर. मी एकदा म्हटलं, "अहो, साबण नावाची वस्तू असते." तर हसून म्हणाला, "काका, हे ग्रीस साबणाने नाही निघत. रॉकेलने निघतं, पण मग बायको जवळ येऊ देत नाही." आणि स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसला.

घरी बायकोला सांगितलं. ती ग्रंथालयात काम करते. ती म्हणाली, "अहो, माझ्याकडे रोज दीडशे माणसं थुंकी लावून पानं उलटतात. मेले का मी?" तिला काही म्हणजे काही वाटत नाही. मी पंचवीस वर्षं तिच्याबरोबर राहतोय आणि अजून तिच्या या निर्ढावलेपणाची सवय झालेली नाही.


सोमवार, १० मार्च

आज पाऊल उचललं. प्रिंटरच्या वर भिंतीवर सूचना लावली, ठळक अक्षरांत:

"आपले कागद दहा मिनिटांत स्वतः उचलावेत. न उचललेले कागद पाठकोऱ्यांत जमा होतील. टपालाची पत्रंही ज्याची त्याने पाकिटात घालावीत."

पाठकोरे म्हणजे एका बाजूने छापलेले, पाठीमागून कोरे असलेले वाया गेलेले कागद. प्रिंटरला दोन कप्पे आहेत. वरच्यात नवे कागद, खालच्यात पाठकोरे. कच्चे मसुदे साहेबही पाठकोऱ्यांवरच काढतात. कागद वाचतो आणि कोणाला काही लागत नाही.

सूचना साहेबांना दाखवली. त्यांनी फोन कानाला लावलेला होता, मान हलवली. म्हणजे मंजूर.


बुधवार, १२ मार्च

परिणाम दिसतोय. काल वरचे दोघे धापा टाकत जिन्याने खाली आले. आज एकाचे कागद अकराव्या मिनिटाला मी खालच्या कप्प्यात टाकले आणि तो बाराव्या मिनिटाला आला. "काका, एका मिनिटासाठी?" म्हणाला. मी म्हटलं, "मी उलट तुम्हाला एक मिनिट जास्त दिलं." त्याला परत छापावे लागले. मला मजा वाटली, खोटं का लिहू?

दुपारी पाणी प्यायला वर गेलो होतो. मला पाहताच बोलणं बंद झालं, पण एक शब्द कानावर पडलाच. ते मला टोलनाका म्हणतात. म्हणोत बापडे! नाका असतो म्हणून तर गाड्या रांगेत चालतात.

घरी बायकोला सांगितलं तर तिला हसू आवरेना. मग म्हणाली, "पण ती पत्रं तुम्ही घालत होतात ना पाकिटात? आता कोण घालतं?" मी म्हटलं, ज्याचं तो. "सगळ्यांना माहीत आहे ना पण?" भिंतीवर एवढं मोठं लावलंय, मी म्हटलं, डोळे असतील तर वाचतील.


सोमवार, १७ मार्च

आज कळस झाला.

विक्रीवाल्याच्या मुलीचा वाढदिवस आहे म्हणे. म्हणून त्याने नेटवर्कवरून चाळीस पानं चित्रं सोडली. रंगवायची चित्रं. ससे, हत्ती, टोपी घातलेली बदकं. साडेबारापासून माझ्या कोपराशी बदकांमागून बदकं बाहेर पडत होती. बरं, उचलायला यावं की नाही? आला, पण शिंकत आला. सर्दीने नाक लाल. ट्रेवर वाकला आणि सगळ्या गठ्ठ्यावर एक सणसणीत शिंक दिली. तोंडावर हात नाही, रुमाल नाही. वरचं पान चकाकत होतं. मग म्हणाला, "अरेच्चा! राहू दे काका, ही नको आता, उद्या घरूनच नव्याने काढतो." आणि गेला. जाताना माझ्या टेबलाला हात टेकला तो वेगळाच.

मी पाच मिनिटं नुसता बसून होतो. शेवटी सुट्या भागांच्या खोलीतून रबरी हातमोजे आणले, तो अख्खा गठ्ठा वरची दोन पानं फेकून तसाच्या तसा उचलला, आणि खालच्या कप्प्यात कोंबला. मधे एखाददुसरा कोणाचा कामाचा कागद असेलही, मी चाळत बसलो नाही. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. हातमोजे कचऱ्यात टाकले.

काळा अंगठा परत आलाय. दुपारी अर्धा तास वर दिसला, मग दुसऱ्या कुठल्यातरी बंद पडलेल्या लिफ्टकडे पळाला. जाता जाता माझ्याकडे बघून हात केला. मी मान डोलावली. काय ते हात!


गुरुवार, २० मार्च

काल संध्याकाळी आमच्या देखभालीतल्या एका इमारतीत अपघात झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई, शाळेचे गणवेश शिवतात, गाठोडं घेऊन लिफ्टशी आल्या. दार ओढलं, ते उघडलं. लिफ्ट तिथे नव्हती. गाठोड्यामुळे खालचं दिसलं नाही, आणि त्यांनी पाय आत टाकला. लिफ्ट एक मजला खाली उभी होती, तिच्या टपावर पडल्या म्हणून जीव वाचला. उजवी मांडी मोडली आणि घोट्याचा चुरा झाला. मशीन पायाने चालवतात. पुन्हा चालवता येईल का, ते डॉक्टर सांगत नाहीत.

लिफ्ट मजल्यावर नसेल तर दार उघडताच कामा नये. त्यासाठी दाराला लॉक असतो, तो झिजला होता. काळ्या अंगठ्याने सोमवारीच सकाळी तिथे तपासणी केली होती. असा दोष सापडला की आमच्या करारात ठरलेलं आहे: आम्ही पत्र द्यायचं, लिफ्ट बंद इमारतवाल्यांनी ठेवायची. इमारतीचा व्यवस्थापक म्हणतो, "तुमच्या माणसाचा फोन आला होता, पत्र पाठवतो म्हणाला. पत्र आलंच नाही. वर चार म्हातारी माणसं राहतात, तोंडी सांगण्यावर मी लिफ्ट कशी बंद करू?"

मला त्या मोडलेल्या घोट्याचा विचार करवत नाही.


शुक्रवार, २१ मार्च

साहेबांनी चौकशी केली. केबिनमध्ये साहेब, काळा अंगठा आणि मी.

तो म्हणाला, "सोमवारी मी वर आलो, पत्र टाईप केलं आणि बाराच्या पुढे प्रिंट दिलं. मग मला दुसरा कॉल आला आणि मी निघालो. पत्र काका पाकिटात घालतात, नेहमीसारखं."

"ते आता घालत नाहीत," साहेब म्हणाले. "भिंतीवर सूचना आहे."

"मी आठवडाभर बाहेर होतो, साहेब. मला नाही माहीत."

"बरं. पण मग छापलेला कागद कुठे आहे? कॉम्प्युटरमध्ये पत्र आहे, मान्य. टाईप केलं असशील. प्रिंट दिलं असतंस तर कागद असता ना?" मग माझ्याकडे वळले. "तुमच्यासमोर आला होता का हा कागद?"

मी म्हटलं, "मी पाहिला नाही."

हे शब्दशः खरं आहे. मी पाहिला नाही. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून मी सांगणार नाही, मग समोर कोणीही असो. तो माझ्याकडे बघत होता, रागाने नाही, आपलं काहीतरी हरवलंय आणि ते कुठे आहे हे मला ठाऊक असेल तसं. कपाळाला हात लावला आणि कपाळावर काळा डाग उमटला. चौकशीला येताना तरी हात धुवावेत.

चारच्या सुमारास पाठकोऱ्यांच्या कप्प्यात बघावं असं मनात आलं होतं. पण तिथे तो शिंकेचा गठ्ठा आहे. मला त्याला हात लावायचा नव्हता.


शनिवार, २२ मार्च

बायकोने पेपरात बातमी वाचली. विचारलं, "तुमचीच का हो ही लिफ्ट?" मी हो म्हटलं. सगळं सांगितलं, तपासनिसाने पत्र पाठवलं नाही तेही. ती भाजी चिरत होती, चिरायची थांबली. "त्याने पाठवलं नाही हे कोणाला माहीत?"

"कागद नाही ना."

"कागद तुमच्या टेबलावर येतो."

मी म्हटलं, तू माझी उलटतपासणी घेऊ नकोस. माझा आवाज चढला, तो चढायला नको होता. रात्री ती माझ्या ताटात वाढत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.


मंगळवार, २५ मार्च

खोलीचं दार लावून लिहितोय.

दुपारी साहेबांनी तपासनिसाच्या नोटिसीचा मसुदा काढला. निष्काळजीपणा, पत्र न पाठवणे, त्यामुळे गंभीर इजा, नोकरीवरून का काढू नये याचा खुलासा तीन दिवसांत. नेहमीप्रमाणे मसुदा पाठकोऱ्यावर काढला होता आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आला. खरं सांगायचं तर मी तो चवीने वाचला. 'निष्काळजीपणा' मध्ये साहेबांनी 'नि' दीर्घ केला होता, तो मी लाल पेनाने ऱ्हस्व केला.

त्या सोमवारपासून पाठकोऱ्यांवर आलेल्या प्रत्येक मसुद्याच्या मागे काहीतरी प्राणी असतो. काल साहेबांच्या भाषणामागे ससा होता. आज कोण आहे म्हणून सहज कागद उलटला.

मागे आमच्या कंपनीचं पत्र. व्यवस्थापकांस. तिसऱ्या मजल्यावरील दाराचा लॉक झिजला असून लिफ्ट नसतानाही दार उघडत आहे. जिवाला धोका आहे. नवा लॉक बसेपर्यंत लिफ्ट त्वरित बंद ठेवावी. 'त्वरित' खाली रेघ मारलेली. तळाला बारीक आकड्यांत तारीख आणि वेळ, १७ मार्च, बारा बेचाळीस.

बारा बेचाळीसला बदकं बाहेर येत होती.

मी कागद खणात ठेवला, खण लावला, किल्ली खिशात टाकली. मोरीत जाऊन ओकलो. सगळे म्हणाले, काकांना विक्रीवाल्याची सर्दी लागली.


बुधवार, २६ मार्च

मी साहेबांना कागद दाखवला. हे लिहून ठेवणं महत्त्वाचं आहे. मी लपवला नाही.

सकाळी केबिनमध्ये गेलो आणि तपासलेला मसुदा त्यांच्यापुढे ठेवला. पत्राची बाजू खाली, मसुद्याची वर, कारण तपासायला मसुदाच दिला होता. म्हटलं, आता उलटतील. त्यांनी चष्मा चढवला, माझ्या दुरुस्त्या बघितल्या, 'गंभीर' च्या जागी 'अत्यंत गंभीर' केलं आणि कागद परत दिला. "छान. पक्की प्रत काढा. नव्या कागदावर."

मी दोन क्षण उभा राहिलो. ते म्हणाले, "आणखी काही?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी उलटला असता तर प्रश्नच मिटला असता. वाचणारा माणूस कागदाची पाठ बघत नाही यात माझा दोष नाही. पक्की प्रत मी काढली. माझ्याच कॉम्प्युटरवरून गेली, माझ्याच कोपराशी पडली, पाकिटात मीच घातली. तपासनिसाच्या हातात मीच दिली.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "बरं नाही का?" मी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. तिने पेज करून दिली आणि ती पीत असताना समोर बसून राहिली. मला वाटतं, मी काही बोलेन म्हणून ती थांबली होती.


गुरुवार, २७ मार्च

त्याने कबुली लिहून दिली. तीन दिवसांची मुदत असताना पहिल्याच दिवशी. साहेबांनी मला वाचायला दिली. "पत्र टाईप केले परंतु प्रिंट देण्याचे माझ्याकडून राहून गेले असावे. झाल्या प्रकारास मी जबाबदार आहे." साहेब म्हणाले, "बघा, शेवटी मान्य केलं. उगाच आठ दिवस आपला वेळ खाल्ला." सोमवारपासून तो नाही.

ते वाचताना एक क्षण, अगदी एकच क्षण, मला हायसं वाटलं. तोच म्हणतोय राहून गेलं, तर राहून गेलं असेल, असं माझं मन म्हणालं. त्या वेळी तो कागद माझ्या खणात होता आणि खणाची किल्ली माझ्या मांडीला टोचत होती. माणसाचं मन इतकं घाण असू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. निदान माझं असेल हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची बोटं बघत बसलो.

त्या कबुलीवरही अंगठ्याचा डाग आहे.


शुक्रवार, २८ मार्च

सकाळी लवकर गेलो. कागद काढला, पत्राची बाजू वर केली. समासात शेरा लिहिला, सव्वीस वर्षं लिहितोय तसा: "सदर पत्र दि. १७ रोजी प्रिंटरमधून निघाले होते. ते न पाहता मी स्वहस्ते पाठकोऱ्यांच्या कप्प्यात टाकले. तपासनिसांचा दोष नाही." खाली सही, हुद्दा, तारीख.

तो वरच्या मजल्यावर आपलं सामान खोक्यात भरत होता. नटबोल्टचे पाने, एक टॉर्च, मुलाचा फोटो. मी कागद पुढे केला. त्याने पत्र वाचलं, शेरा वाचला. मग उलटून आपल्याच नोटिसीचा मसुदा वाचला, त्यातल्या माझ्या लाल दुरुस्त्यांसकट. बराच वेळ लागला त्याला.

"म्हणजे मी दिलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"मी दिलं होतं." खुर्चीवर बसला. "काका, मला आठवत होतं हो बटण दाबल्याचं. पण सगळे म्हणाले नाही, तुम्हीही म्हणालात पाहिला नाही, तर मला वाटायला लागलं की हे आठवणं खोटं असेल. घाईत राहिलंच असेल. बायकोला मी तसंच सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही असं विसरणार नाही. मी तिच्यावर ओरडलो." मग त्याने वर पाहिलं. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार आहे."

मी तारखेसकट सगळं सांगायला तयार होतो, बुधवारचं, केबिनमधलं, मी उभा राहिलो ते. पण त्याने एवढंच म्हटलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.


शनिवार, २९ मार्च

साहेबांना मी स्वतः सांगितलं. बुधवारचंही. ते कितीतरी वेळ पेनाचं टोपण उघडत आणि लावत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही माझ्यासमोर ठेवलात आणि बोलला नाहीत?" मी हो म्हटलं. "तो कागद कुठे आहे आता?" त्याच्याकडे आहे, म्हटलं. त्यावर त्यांचा चेहरा उतरला, तो कोणासाठी ते मला कळलं नाही. तपासनीस सोमवारपासून कामावर राहील. माझं काय ते नंतर ठरवतील.

दुपारी वायरवाला आला आणि प्रिंटर माझ्या टेबलावरून उचलून जिन्याखाली नेऊन ठेवला. आता तो थेट नेटवर्कवर आहे, कोणाच्याच कॉम्प्युटरवर अवलंबून नाही. टेबलावर त्याच्या बुडाचा चौकोन तेवढा राहिला आहे, धुळीने काळा. मी पुसला नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती म्हणाली, "आणि त्या बाई?"

मी त्यांचा विचार केलाच नव्हता. म्हणजे घोट्याचा केला होता, बाईंचा नाही.


रविवार, ३० मार्च

रुग्णालयात भेटीची वेळ अकरा ते बारा. बायको येते म्हणाली, मी नको म्हटलं. मग ती म्हणाली, "जा. पण शेरा लिहिल्यासारखं बोलू नका."

बाईंची खाट खिडकीशी. पाय वर टांगलेला, लोखंडी सळ्या बाहेर आलेल्या, त्यांच्या मुळाशी पिवळट ओल. जखमेचा आणि औषधाचा वास. एरवी मी दारातूनच परत फिरलो असतो. खाटेशी स्टूल होतं, त्यावर बसलो. बाई साधारण माझ्या बायकोच्या वयाच्या. मी विम्याकडून आलोय, असं त्यांना वाटलं. मी सांगितलं कोण ते. मग म्हटलं, "बाई, लिफ्ट बंद ठेवायचं पत्र वेळेवर निघालं होतं. ते माझ्या टेबलावर आलं. मी न बघता टाकून दिलं. मला त्या कागदांची किळस आली होती."

शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं, तोंडून गेलं.

"मग तो माणूस?" त्या म्हणाल्या. "तो तपासायला येणारा?"

"त्याची काहीच चूक नाही."

"पण तो रोज येत होता इथे! कामावरून सुटला की येऊन याच स्टुलावर बसायचा. माझ्यामुळे झालं म्हणायचा. रडायचा हो, एवढा मोठा माणूस." त्या उठू बघत होत्या, पाय हलला, कळ आली, परत पडल्या. "मी त्याला नाही नाही ते बोलले. तुझी पोरं उपाशी मरोत म्हणाले. आणि परवा माझी मुलगी त्याच्या तोंडावर थुंकली. तोंडावर! त्याने बाहीने पुसलं आणि तसाच बसून राहिला. मला म्हणाला, तिला रागवू नका."

परवा म्हणजे शुक्रवार नव्हे. मी विचारून खात्री करून घेतली. गुरुवारी. गुरुवारी कागद माझ्या खणात होता.

"तुम्ही जा," बाई म्हणाल्या. "तुम्ही नका येऊ परत. त्याला पाठवा. मला त्याची माफी मागायचीय."

मी उठलो. मुलगी दारात उभी होती, हातात पाण्याची बाटली. विशीतली असेल. तिने सगळं ऐकलं होतं, तोंडावरून दिसत होतं. मी तिच्यासमोर जाऊन थांबलो, अगदी जवळ, हातभर अंतरावर, आणि रुमाल खिशातून काढला नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मग ती भिंतीला लागून बाजूला झाली आणि मला जायला वाट करून दिली.